वारं लागू दे

माझी मुलगी जुलैत जन्मली. १९९६ चा जुलै. बाळंतपण माहेरी, कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात, आणि पाऊस असा की आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन नाही. आमच्याकडचा पाऊस एकदा कोसळून मोकळा होत नाही. गगनबावड्याच्या बाजूनं ढग येत राहतात, भुरभुर चालू राहते, मध्येच सर जोर धरते आणि पुन्हा भुरभुर. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांवर बुरशी धरते. अशा दिवसांत घरात तान्हं बाळ म्हणजे रोजचे वीस-पंचवीस लंगोट, दुपटी, झबली, शिवाय बाळंतिणीचे कपडे. सोप्यात एक दोरी, माजघरात दोन, तरी जागा पुरत नव्हती.

आईनं खिडक्या लावून घेतल्या होत्या, बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून. दोन दिवस झाले तरी लंगोट दमटच. तिसऱ्या दिवशी आजी माजघरात आली, दोरीवरचं एक दुपटं काढून तिनं गालाला लावलं आणि काही न बोलता परड्याकडचं दार सताड उघडलं.

"आत्याबाई, पोरीला वारं बाधंल की," आई म्हणाली.

"पोरीला घे आतल्या खोलीत. कापडाला वारं लागू दे. ऊन न्हाई म्हणून वारंबी न्हाई व्हय?"

मी त्या वेळी शाळेत विज्ञान शिकवत होते. बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो, याची चार मुद्द्यांची यादी दर वर्षी मुलांकडून लिहून घ्यायची: पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, तापमान, हवेतली आर्द्रता, वाऱ्याचा वेग. चार मुद्दे, चार गुण. त्या दिवशी अंथरुणावर पडल्या पडल्या दोरीकडे बघताना पहिल्यांदा वाटलं, हे चार मुद्दे वेगवेगळे नाहीतच. ही एकाच गोष्टीची चार तोंडं आहेत, आणि ती गोष्ट काय हे मी मुलांना कधी सांगितलेलंच नाही.

ती अशी. ओल्या कापडातल्या पाण्याचे रेणू सतत धडपडत असतात. सगळ्यांचा वेग सारखा नसतो, काही मंद, काही चपळ. पृष्ठभागापाशी असलेला आणि पुरेसा जोर असलेला रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो. हे थंडीतही चालतं, रात्रीही चालतं, त्यासाठी पाणी उकळावं लागत नाही. पण हवेत आधीपासून असलेले पाण्याचे रेणूही त्याच वेळी कापडावर येऊन आदळत असतात, आणि त्यातले बरेच तिथंच राहतात. म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी चालू. जाणारे जास्त आणि येणारे कमी असतील तर कापड वाळतं. दोन्ही सारखे झाले की दोरीवरचं कापड दिवसभर लटकत ठेवा, जैसे थे. मँचेस्टरच्या जॉन डाल्टननं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हे नेमकं मांडलं. पाण्याच्या पृष्ठभागाशी असलेला बाष्पाचा दाब आणि हवेतला बाष्पाचा दाब यांतला फरक जितका मोठा, तितका बाष्पीभवनाचा वेग मोठा. पाणी तापवलं की पहिला आकडा वाढतो. हवा कोरडी असली की दुसरा कमी असतो. आणि वारा कापडाला चिकटून बसलेली दमट हवा हटवून तिथं दुसरी आणतो, त्यामुळे फरक टिकून राहतो. क्षेत्रफळ म्हणजे निसटायला दारं किती, एवढंच.

आता बंद माजघराचा हिशेब करून बघा. मी तो तेव्हा दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला होता. पावसाळ्यात आमच्याकडे हवेचं तापमान २५ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ९० टक्के धरू. २५ अंशांना एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं. त्यातले जवळपास २१ ग्रॅम आधीच भरलेले. उरली जागा दोन-सव्वादोन ग्रॅमची. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर. म्हणजे त्या अख्ख्या खोलीत अजून पासष्ट ग्रॅम पाणी मावणार, चहाच्या अर्ध्या कपाहून थोडं जास्त. आणि पिळून टाकलेल्या एका सुती लुगड्यात अर्धा लिटर पाणी सहज असतं! एक लुगडं वाळवायचं तर त्या खोलीतली सगळी हवा सात-आठ वेळा बाहेर जाऊन नवी यायला हवी. दारं-खिडक्या लावून दोन दिवस काय, दहा दिवस ठेवलं असतं तरी ते लुगडं दमटच राहिलं असतं. बाहेरची हवा दमट होती हे खरं, पण आतल्या हवेपेक्षा ती कमीच दमट होती, आणि मुख्य म्हणजे ती संपणारी नव्हती.

तोच हिशेब एप्रिलमध्ये करा. दुपारी ३६ अंश, आर्द्रता २५ टक्के. आता एका घनमीटरमध्ये जवळपास ४२ ग्रॅमची सोय, त्यातले दहा-अकरा भरलेले, एकतीस रिकामे. पावसाळ्यापेक्षा तेरा-चौदा पट जागा. परड्यातल्या तारेवरचं लुगडं तासाभरात कडकडीत होतं ते याच्यामुळे. लोक श्रेय उन्हाला देतात. उन्हाचं श्रेय आहेच, पण निम्मं काम त्या रिकाम्या जागेनं केलेलं असतं. (हवेत पाणी "मावतं" ही बोलण्याची सोय आहे. हवा काही पाणी शोषून घेणारा बोळा नव्हे. त्या जागेतली हवा पूर्ण काढून टाकली तरी त्या तापमानाला तितकंच बाष्प तिथं राहील, हेही डाल्टननंच दाखवलं.)

आजीचा दुसरा उपाय मला त्याहून आवडतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायचीच. आजी तिच्यावर बांबूचं डालगं पालथं घालायची आणि त्यावर लंगोट पसरायची. निखाऱ्यावर चिमूटभर ओवा. खिडकीची एक फळी उघडी, कारण कोळशाच्या शेगडीनं बंद खोलीत माणूस झोपेतच जातं हे तिला माहीत होतं, आणि हे आजही कुणी विसरू नये. मला आधी वाटायचं, निखाऱ्याची धग पाणी "जाळते". तसं नाही. तीच २५ अंशांची, ९० टक्के भरलेली हवा निखाऱ्यावरून वर जाताना ४० अंशांची झाली की तिच्यातल्या पाण्याचा एक थेंबही कमी न होता आर्द्रता चाळीस टक्क्यांवर येते. ४० अंशांना घनमीटरमध्ये ५१ ग्रॅम मावतात. म्हणजे आजी त्या डालग्याखाली हातभर जागेत एप्रिल तयार करत होती, आणि गरम हवा आपसूक वर जाते म्हणून वाराही तिथंच तयार होत होता.

आणि तो गाल. कापड वाळलं की नाही हे आजी हातानं बघत नसे. हात कामानं निबर झालेले, गाल मऊ. माणसाच्या कातडीला ओल थेट कळत नाही, ओल ओळखणारी वेगळी संवेदना आपल्याला नाही. आपल्याला गारवा कळतो, स्पर्श कळतो, आणि त्या दोन्हींवरून मन ओलीचा अंदाज बांधतं. दमट कापड गालाला गार लागतं, कारण गालाच्या उबेनं त्यातलं पाणी निसटायला लागतं आणि जाताना ऊब घेऊन जातं. जोरदार रेणू निघून गेले की मागं राहतात ते मंद, म्हणून मागं राहिलेलं सगळंच थंड होतं. बाष्पीभवनाबद्दल एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर मी हे ठेवीन: पाणी कधी रिकाम्या हातानं जात नाही.

ते किती घेऊन जातं याचा आकडा ऐकून वर्गातली मुलं नेहमी दचकायची. अंगावरचा एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो. तेवढ्या उष्णतेत सात लिटर गार पाण्याला उकळी येईल. आमच्या वर्गात दर वर्षी दोन-चार पोरं तालमीत जाणारी असायची, त्यांना हे लगेच पटायचं. अट एकच, घाम उडायला हवा. ठिबकून लाल मातीत पडलेल्या घामाचा अंगाला काही उपयोग नाही. मे महिन्यात वळवाच्या आदल्या संध्याकाळी खासबाग मैदानात बसून बघा. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, आणि पैलवानाच्या पाठीवरून घामाच्या धारा. तापमान दुपारपेक्षा कमी असतं, जीव मात्र दुपारपेक्षा जास्त गुदमरतो. घाम येत राहतो, त्याला जायला जागा नसते.

हे सगळं मला इतकं नीट माहीत असूनही २०१९ मध्ये मी चुकले, आणि ती चूक मला अजून सलते.

सासरचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीपासून लांब नाही. ऑगस्टच्या त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. आमच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी होतं. ते ओसरलं, गाळ काढला, फरशा धुतल्या, जे टाकायचं ते टाकलं. भिंती मात्र प्यायलेल्या होत्या. जुन्या भिंती, दीड-दोन फूट जाडीच्या, आत दगड-विटा-माती आणि वरून चुन्याचा गिलावा. सप्टेंबरअखेर हात लावला तर कोरड्या लागायच्या. गालही लावून पाहिला होता मी. दिवाळी तोंडावर आलेली, घराची अवकळा बघवत नव्हती, आणि काम घेणाऱ्या माणसानं सांगितलं, वरून ऑइल पेंट मारून घेऊ, पुन्हा ओल धरणार नाही. मी हो म्हटलं. संक्रांतीपर्यंत भिंतीवर तळहाताएवढे फुगे आले. फुगा फोडला की आत पाणी. मग पोपडे सुटले, त्यामागं पांढरा लोणा, म्हणजे पाण्याबरोबर वर आलेला क्षार. सगळं खरवडून काढावं लागलं.

कापड आणि भिंत यांचं वाळणं सारखं नाही, हे मी विसरले. भिंतीचा वरचा थर ओला असतो तोवर ती कापडासारखीच वागते. वारा, ऊन, कोरडी हवा जेवढी मिळेल तेवढ्या वेगानं वाळते. पण वरचा थर सुकला की गोष्ट बदलते. आता पाण्याला आतून बाहेर यायचं असतं, बारीक बारीक छिद्रांतून, आधी पाणी म्हणून आणि मग बाष्प म्हणून. इथं बाहेर कितीही पंखे लावा, वेग पंख्यावर ठरत नाही, आतल्या वाटेवर ठरतो. आणि ही वाट लांबली की वेळ नुसता त्या पटीत वाढत नाही, ढोबळमानानं जाडी दुप्पट तर वेळ चौपट. वीतभर भिंत आणि दोन फुटी भिंत यांच्यात म्हणूनच महिन्यांचा फरक पडतो. चुन्याच्या गिलाव्यातून बाष्प जाऊ शकतं. ऑइल पेंटमधून जवळपास नाही. म्हणजे पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं असताना मी बाहेरून दार लावून घेतलं, अगदी आईनं खिडक्या लावल्या तसं. आजी तेव्हा हयात नव्हती. असती तर तिनं भिंतीवर हात ठेवून काय म्हटलं असतं, ते मला ऐकू येतं.

दुसऱ्यांदा आम्ही घाई केली नाही. होळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत सगळी दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, कपाटं भिंतीपासून हातभर पुढं ओढली आणि नुसता चुना मारला. पुढं २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. या वेळी चुना होता, भिंत आपल्या वेळेनं वाळली.

खरं तर पाणी घालवणं ही आमच्या मुलखाची विद्याच. कोल्हापूरचा गूळ म्हणजे दुसरं काय? उसाचा रस पाणी घालवून घट्ट करायचा, एवढंच, आणि या एवढ्यातच सगळी कसोटी. आमच्या गावाबाहेर गुऱ्हाळ होतं. दिवाळी झाली की चरकाचा आवाज सुरू व्हायचा. आम्ही पोरं थंडीची चुलवाणापाशी शेकत बसायचो आणि गुळव्या तात्या आम्हाला काहिलीपासून लांब हटवत राहायचे.

समजा काहिलीत हजार किलो रस आहे. त्यात साखर वगैरे साधारण दोनशे किलो, बाकी आठशे किलो पाणी. थंडीतल्या सकाळचा रस उकळीला आणायला किलोमागं तीनशेच्या आसपास किलोज्यूल लागतात. पण उकळी आल्यावर एक किलो पाण्याची वाफ करायला २,२६० च्या आसपास. सात पट! स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं १७६० च्या दशकात हे ओळखलं. जाळ चालू आहे, पाणी उकळतंय, आणि तापमापी जागची हलत नाही, मग ती उष्णता जाते कुठं? वाफेबरोबर, लपून. म्हणून तिचं नाव अप्रकट उष्मा. आमच्या चुलवाणातला बहुतेक जाळ गुळात जात नव्हता. तो त्या पांढऱ्या वाफेच्या लोटाबरोबर आभाळात जात होता.

उकळणं आणि बाष्पीभवन यांत फरक आहे, तो इथं सांगायला हवा. उकळताना बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा होतो, त्यामुळे पाणी पृष्ठभागावरूनच नाही तर तळातूनही बुडबुड्यांनी निघतं, आणि त्याला हवेतल्या आर्द्रतेची फारशी पर्वा राहत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून आमच्याकडे साधं पाणी शंभरला नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रसाचं मात्र तसं राहत नाही. पाणी जाऊ लागतं तशी साखर दाटते, पृष्ठभागाशी पाण्याच्या रेणूंची संख्या कमी होते, उरलेल्यांना साखर धरून ठेवते. मग उकळायला जास्त तापमान लागतं. १०५ च्या आसपास काकवी. तिथून पुढं दर अंशाला रंग बदलतो, बुडबुडे लहान आणि जड होतात, आवाज बदलतो. ११८ च्या आसपास गूळ. दोन अंश पुढं गेला की करपट, दोन अंश आधी उतरवला की ढेप बसत नाही. तात्यांकडे तापमापी नव्हती. उलथण्यावरून थेंब गार पाण्यात सोडायचे, बोटांनी गोळी होते का बघायचे आणि काहील उतरवायची खूण करायचे. शेवटचं पाणी सगळ्यात हट्टी असतं, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं.

आणखी एक. चुलवाणात जळायचं ते उसाचं चिपाड, आणि चरकातून बाहेर पडलेल्या ताज्या चिपाडात निम्मं पाणीच असतं. ते तसंच जाळात घातलं तर आधी स्वतःला वाळवण्यातच त्याची ताकद जाते. म्हणून गुऱ्हाळाभोवती चिपाड पसरलेलं असायचं, बायका ते दिवसातून दोनदा वरखाली करायच्या. म्हणजे आधी उन्हा-वाऱ्यानं फुकटात पाणी घालवायचं आणि त्या वाळलेल्या चिपाडाच्या जाळानं रसातलं. ऐन हंगामात अवकाळी पाऊस आला की गुऱ्हाळ थांबायचं. ऊस शेतात उभा, चरक तयार, पण चिपाड भिजलेलं. त्या दिवसांत मोठी माणसं फार बोलत नसत.

गुऱ्हाळं आता खूपच कमी झाली. तरी आमच्याकडे अजून भावाकडून गूळ येतो. या जुलैत डबा उघडला तर ढेपेला घाम फुटलेला, तळाशी चमचाभर तांबूस पाक. गुळातली फळसाखर आणि क्षार पाण्याला ओढून घेतात. हवा ठरावीक मर्यादेपेक्षा दमट झाली की येणारे रेणू जाणाऱ्यांपेक्षा जास्त होतात आणि हिशेब उलटा चालू लागतो. एवढा जाळ घालून घालवलेलं पाणी, झाकण नीट लागलेलं नव्हतं तेवढ्या फटीतून, चुलीशिवाय, आवाजाशिवाय परत आलं होतं.

आजी पावसाळ्यात गूळ चुलीच्या वरच्या शिंक्यात ठेवायची. डालग्याखालचा एप्रिल तिथंही होता. आमच्याकडे आता चूल नाही. मी पाक वाटीत काढून घेतला, ढेप कोरड्या फडक्यानं टिपली, पोळीच्या गरम तव्यापासून जरा लांब ओट्यावर दहा मिनिटं राहू दिली. मग गालाला लावून पाहिली. गालाला चिकटली. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवली आणि त्या पाकाशी तेवढी गरम पोळी खाल्ली.